चिनी सिंहाचं उत्तर

रविवारी सकाळी सुपेल्याच्या बाजारामागं एवढी गर्दी, की पोलादाच्या भट्टीवर पाळी बदलतानाही होत नसेल. मधोमध चिनीबाबा. पुढ्यात पोटात निखारे घेतलेला पितळी सिंह, चीनचं धूपपात्र, आणि शेजारी नक्षीची डबी. सिंहाच्या पाठीवरच्या जाळीतून लोबानाचा धूर निघत होता.

"डबीत गेलेल्याचा आत्मा, सिंहात त्याचा श्वास!" बाबा गरजला. "तोंडातून धूर आला तर हो, पाठीतून आला तर नाही!"

त्यानं सिंहाच्या पाठीवर रेशमी रुमाल घट्ट दाबला. सिंहानं तोंडातून भस्सकन धूर सोडला. शेकडो हात जोडले गेले.

बौद्ध धम्माची दीक्षा घेताना या माणसांनी नवस, उतारे, अंगात येणं, सगळं टाकलं होतं. पण सिंह पडला बुद्धाला मानणाऱ्या मुलखातला! त्याला अंधश्रद्धा कोण म्हणणार?

शाळामास्तरीण ललिता आईजवळ उभी होती. तिचे वडील जानराव तापानं जाऊन दोन महिने झाले होते. ते तिकडं उपाशी आहेत, असं सिंहानं सांगितल्यापासून आई, रुक्मा, पेजेवर होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माय, आज तरी जेव वं."

"तुहा बाप उपाशी अन् मी जेवू? मले नको सांगू."

तीन रविवार ललितानं पाहिलं होतं : रुमालाआधी तोंडातून धूर कधी आला नव्हता. आज तिनं घरून कणकेचा गोळा आणला होता. ती पुढं झाली, रुमाल उचलला आणि कणकेनं जाळी लिंपली.

"ए पोरी, कोप होईल!"

"सिंहा, हा बाबा लबाड आहे का?"

भस्सकन धूर.

"लोकांले फसवून राहिला का?"

धूर थांबेचना. कुणीतरी खुदकन हसलं.

"सिंह आज खोटं बोलतोय!" बाबा ओरडला.

"मंग मागच्या रविवारी खरं बोलला कशावरून?" शेजारची पंचफुला म्हणाली.

भट्टीवरच्या पुंडलिकनं कपाळावर हात मारला. "वरचं भोक बुजवलं तं धूर नरड्यातूनच निघीन ना! रोजचं काम माझं, अन् इथं हात जोडून बसलो!"

ललितानं डबी उचलली.

"उघडू नको, तुझा बाप उडून जाईल!"

क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं झाकण काढलं आणि डबी आईपुढं धरली. रुक्मानं हुंगलं.

"चंदन हाये."

"धूप ठेवाची डबी आहे, माय. करणाऱ्यानं सुरेख केली. त्याचा काय दोष?"

"मंग तुहा बाप?"

"आपले बाबा गेले, माय. त्याहिले आता भूक नाही. तुले आहे."

रुक्मा खाली बसली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. चिनीबाबा कधी सटकला, कुणी पाहिलं नाही. दुपारी रुक्मानं पंचफुलाच्या घरी भाकर खाल्ली, अर्धीच, पण खाल्ली.

ज्याचं माणूस गेलं, त्याला फसवायला फार अक्कल लागत नाही. म्हणून रडा, आठवण काढा, एकमेकांना धरून बसा. पण ते दुःख कुणा बाबाच्या हाती देऊ नका, आणि विचारायला लाजू नका.