फ्रेम कमी पडतात तेव्हा

मित्रांनो, सूर्य उगवतो तो माझ्यामुळे. डोंगरांना उंची, नद्यांना चकाकी आणि शत्रूच्या चेहऱ्यावर भीती मीच देतो. मी थांबलो तर सारी सृष्टी बुडेल. निदान टेबलावरच्या त्या एका स्क्रीनमधली तरी. आणि खरं सांगायचं तर, मध्यंतरी मी थांबलो तेव्हा तीही बुडाली नाही. नुसती अडखळत चालू राहिली. हा अपमान कसा घडला, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात आडवं बसायचं आणि खेळातली चित्रं भराभर काढून स्क्रीनकडे धाडायची, हा माझा धंदा. या चित्रांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम, तितका खेळ गुळगुळीत. त्या कमी पडल्या की खेळातला माणूस धावत नाही, ठेचकाळतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे इतकी स्वच्छता होती, की धुळीचा कण दिसला तर माणसं त्याच्याकडे घुसखोरासारखी बघत. पुढचं आयुष्य धुळीतच काढायचं आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या खोक्यावर आग ओकणारा राक्षस छापला होता. त्याचा माझा काडीचा संबंध नाही. मी फार तर गरम हवा ओकतो.

या घरात मला लेकीनं आणलं, पहिल्या नोकरीच्या उत्साहात. तिच्या मैत्रिणी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या काचेतून मला बघायला येत. पुढे लेक नोकरीसाठी दूर देशी गेली. जाताना आईला म्हणाली, "हे सगळं तुझ्याकडे राहू दे. आपण दोघी मिळून खेळू."

आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. खेळातही तिनं वैद्याचंच काम मागून घेतलं. लेकीच्या टोळीत कुणी जखमी झालं, की धावत जाऊन मलम लावायचं. टोळीनं तिचं नाव ठेवलं बामवाली.

फोनवर या मायलेकींचं बोलणं "जेवलीस?" "हो, तू?" "हो" एवढ्यात आटपायचं. पण रविवारी दुपारी, एकीकडे गोळ्या चुकवत, दोघी मनातलं सगळं बोलत. साहेब लेकीला किती छळतो, हे आईला एका पडक्या पुलाखाली लपलेली असताना कळलं.

आणि अशाच एका रविवारी फ्रेम घसरल्या. आई मलम घेऊन निघायची. पोहोचेपर्यंत जखमी आटोपलेला असायचा. टोळीचा म्होरक्या शेवटी म्हणाला, "बामवालीबाई, तुम्ही औषध घेऊन येता की फुलं?" मग लेकीला म्हणाला, "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. यांचं तोवर जमलं नाही, तर मी दुसरा वैद्य बघतो."

लेकीचा आवाज पडला. आईचा नाही. "ठीक होईल," ती म्हणाली. दाढ काढण्याआधी "अजिबात दुखणार नाही" म्हणायचा तिचा खास आवाज आहे, त्याच आवाजात.

घरात बाबाही आहेत. त्यांचं तसबिरी मढवण्याचं दुकान. त्यांनी सगळं ऐकलं आणि मनावर घेतलं.

"फ्रेम कमी पडतात? अगं, मग मला नाही का सांगायचं! दुकानात ढिगानं पडल्यात."

"तुमच्या लाकडी नव्हेत हो."

"हल्ली सगळं प्लॅस्टिकचंच," बाबा हळहळले.

मग उपचार सुरू झाले. इंटरनेटवाला येऊन म्हणाला, नेट घोड्यासारखं पळतंय. लेकीनंही फोनवर समजावलं, "नेट बिघडलं असतं, तर माणसं इथून तिथे टुणकन उडाली असती. तुझं अख्खं जगच अडखळतंय. दोष मशीनमध्ये आहे." म्हणून आईनं माझा भार हलका करायला खेळातल्या सावल्या काढल्या, मग गवत, मग ढग. सृष्टी इतकी भकास झाली, की शत्रूलाही तिथे लपायची लाज वाटावी. फ्रेम वाढल्या त्या चिमूटभर. मग मला कामाच्या सूचना देणारा प्रोग्रॅम बदलला. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा ड्रायव्हर आला असं ऐकून बाबांनी विचारलं, "जुन्यानं काय केलं होतं?"

शेवटी मला बाहेर काढून बाबांच्या मऊ ब्रशनं झाडलं. परत बसवताना दोनांतला एक स्क्रू घरंगळत सोफ्याखाली गेला. "एकावर बसतं की," आई म्हणाली.

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं लांबूनच निदान केलं, "कार्ड म्हातारं झालंय. टाकून द्या. नवं मागवतो, पण रविवारपर्यंत यायचं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! अहो, मी त्या दिवसांत काही करतच नव्हतो. माझ्याकडे काम येतच नव्हतं. पण ओरडणार कसा? मला तोंड नाही, पंखे आहेत, तेही बंद.

शनिवारी दुपारी लेकीचा फोन आला. "आई, खेळ चालू ठेव आणि कार्डाच्या मागच्या जाळीला हात लाव. किती तापलंय?"

"गार आहे."

"गार?"

"अगं, फरशीसारखं."

मग लेक सावकाश म्हणाली, "आई, स्क्रीनची वायर कुठे खोचली आहे?"

कॅबिनेटच्या मागे तसली दोन भोकं असतात. खालचं माझं. वरचं असतं मशीनमधल्या दुसऱ्या, किरकोळ चित्रकाराचं. पत्रं-बिलं दाखवायला तो ठीक. लढाई त्याला झेपत नाही. आईनं वाकून पाहिलं. वायर वरच्या भोकात होती.

"अहो! ही वायर तुम्ही हलवलीत?"

"हलवली नाही, सरळ केली," बाबा अभिमानानं म्हणाले. "खाली तिरकी जात होती. येता-जाता डोळ्यांत खुपायची. आता बघ, कशी ओळंब्यात आहे!"

"तुमच्या सरळपणापायी माझी माणसं मेली ना!"

आईनं वायर खालच्या भोकात खोचली आणि खेळातलं काढलेलं सगळं परत चालू केलं. माझे पंखे गरगरले. मी आधी सूर्य उगववला, मग ढग आणले, आणि गवताचं पातं न् पातं काढून दाखवलं. बाबांनी तिरक्या वायरकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडून खुर्ची फिरवून बसले.

रविवारी स्पर्धेत पहिला जखमी झाला तो म्होरक्याच. तो जमिनीला टेकायच्या आत बामवाली हजर. "औषधच आहे," ती म्हणाली, "फुलं परत नेली." टोळी हसली. टोळी दुसऱ्याच फेरीत हरलीही, पण दुसऱ्या वैद्याचं नाव कुणी काढलं नाही. खेळ संपल्यावर सगळे पांगले, तरी लेक तिथेच रेंगाळली. "आई, साहेबाचं सांगू का आता?" आणि मी त्या दोघींवर बराच वेळ संध्याकाळ धरून ठेवली.

तेव्हा मित्रांनो, कुणाला म्हातारा, निकामी म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत काम पोहोचतंय का, तेवढं वाकून बघा. आमची काळजी घ्या. धूळ झाडा, वाऱ्याला वाट ठेवा. आम्ही सृष्टी उभी करतो.

आणि सोफ्याखालचा तो स्क्रू सापडला, तर आईच्या हातात द्या. मी जरा वाकडा बसलोय. बाबांना मात्र सांगू नका. ते सरळ करायला येतील.