बांधावरची बाई

मापाच्या झाकणात औषध ओतून रत्नमालाने ते काकासाहेबांच्या ओठांशी नेलं, तेव्हा त्यांनी मान जरा बाजूला घेतली आणि अदबीने विचारलं,

"बाई, तुमचा गट नंबर कोणता?"

तिला आधी वाटलं, हे चेष्टा करतायत. पण एकतीस वर्षांच्या संसारात काकासाहेबांनी चेष्टा केल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला त्यांनी कधी 'तुम्ही' म्हटल्याचं तर मुळीच नाही.

दुपारचे चार वाजले होते. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि पलंगापासून दारापर्यंत फरशी पिवळी करून टाकायचं. काकासाहेब त्या उन्हाकडे असे बघत होते, जणू तिथे ज्वारी कापणीला आली असावी.

"मोजणीसाठी आलात ना? थांबा थोडं. ऊन कललं की साखळी टाकू."

काकासाहेब भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. तीस वर्षं त्यांनी सोयगाव, सिल्लोड, पैठण या भागात लोकांची शेतं मोजली, भांडणाऱ्या भावांना हद्दी दाखवल्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे पाय सुजू लागले, मग पोट फुगलं, आणि यकृत निकामी होत चालल्याचं निदान झालं. दारूला ते जन्मात शिवले नव्हते; जुना मधुमेह आणि यकृतावर साठलेली चरबी यांनी हे केलं होतं. तरी भेटायला येणारे पाहुणे चहा पिताना एकमेकांकडे बघायचे. काकासाहेबांनी सुरुवातीला एकदोघांना समजावून सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जाऊन सुईने पोटातलं पाणी काढायचं, बिनमिठाचं जेवायचं, आणि दिवसातून तीनदा ते गोड, चिकट औषध घ्यायचं, असं त्यांचं आयुष्य झालं होतं.

त्या औषधाचं कारण डॉक्टरांनी रत्नमालाला नीट सांगितलं होतं. यकृत रक्त साफ करत नाही, मग त्यातलं विष डोक्यापर्यंत जातं. माणूस भलतंच बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. औषधाने पोट साफ होत राहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

हे सगळं ठाऊक असून ती म्हणाली,

"माझं शिवार लांब आहे."

आपण असं का बोललो ते तिलाही कळलं नाही. काकासाहेबांनी पाय आखडून घेतले आणि पलंगावर तिच्यासाठी जागा केली. "मग बसा की. बांधावर बसायला काय हरकत आहे?"

ती बसली. दहा मिनिटांनी तिने औषध दिलं आणि संध्याकाळपर्यंत काकासाहेब मूळ पदावर आले. टीव्हीवरच्या बातम्या बघितल्या, भाजी पांचट आहे म्हणाले, भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारची त्यांना काहीच आठवण नव्हती.

पण चार-पाच दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि नंतर वरचेवर होऊ लागलं. दर वेळी ती मोजणीसाठी आलेली कुणी बाई असायची आणि ते दोघं बांधावर ऊन कलण्याची वाट बघत असायचे. घरात काकासाहेब कामापुरतं बोलत. बांधावर मात्र त्यांना बोलावंसं वाटे. पावसाचं, खुणांच्या दगडांचं, विहिरींचं बोलत. मग एके दिवशी म्हणाले,

"आमच्या घरी एक बाई आहे. लई कामाची. तिच्याशी काय बोलावं, मला सुचत नाय."

रत्नमाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

त्यांनी तिला सोयगावची गोष्ट सांगितली. नवीन लग्न झालेलं, भाड्याची एक खोली, मागे लिंबाचं झाड. ती बाई न्हाऊन मागच्या दारात केस वाळवत बसायची. हे कधी शेतावरून लवकर परतले, तर सायकल घेऊन झाडाआड उभे राहायचे. आत गेलं की ती लगबगीने केस बांधणार, पदर घेणार, चहाला उठणार; म्हणून केस वाळेपर्यंत आत जायचंच नाही.

"आन् उशीर का झाला म्हणून विचारलं, की सांगायचं चेन पडली. तिला खरं वाटावं म्हणून चेनीला हात चोळून काळे करून घ्यायचो."

रत्नमालाला ते काळे हात आठवले. मोरीत साबण लावून लावून तिने ते धुवायला लावले होते, आणि ती सायकल एकदाची विकून टाका म्हणून किती दिवस मागे लागली होती. शेवटी त्यांनी ती विकली. तिला हसू आलं आणि ते तोंडावर हात धरून दाबावं लागलं, कारण मोजणीला आलेल्या परक्या बाईने इतकं हसणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर चार वाजायच्या आधी ती तोंड धुऊन, केस सारखे करून पलंगापाशी येऊ लागली. कुणी बघितलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ज्या दिवशी काकासाहेबांचं डोकं ठिकाणावर असे आणि ते नुसतं "पाणी दे" म्हणत, त्या दिवशी तिला चुकल्यासारखं वाटायचं, आणि असं वाटल्याची मग लाज वाटायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. त्या दुपारी काकासाहेबांचा आवाज फार बारीक होता.

"ती बाई एकदा लई रडली," ते म्हणाले. "तिचे वडील गेले तवा. मी गेलो व्हतो फर्दापूरला. पहिल्याच दिवशी गेलो व्हतो, पण..."

बारा वर्षांपूर्वी रत्नमालाचे वडील गेले, तेव्हा काकासाहेब तिसऱ्या दिवशी आले होते. अंगणात पुरुषांमध्ये उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. का उशीर झाला ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. त्यानंतर कामापुरतं बोलणं तिनेही शिकून घेतलं होतं.

"पण काय?" तिने विचारलं.

काकासाहेबांचे डोळे मिटले होते. औषधाचं झाकण भरून तयार होतं. आत्ता दिलं तर ही दुपार जाईल, पुढचं वाक्य पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. थोड्या वेळाने उठतील आणि पुढचं बोलतील, मग देऊ, असं म्हणून तिने झाकण खिडकीत ठेवलं. ऊन फरशीवरून सरकत दारापाशी गेलं, उंबऱ्यावरून उतरलं. काकासाहेब उठले नाहीत. संध्याकाळी औषधाला त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि सकाळी हाक मारून, हलवूनही ते जागे झाले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एखादा डोस चुकला होता का.

"काल दुपारचा मी दिला नाही," रत्नमाला म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. का, ते विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं, की पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते, ही वेळ येणारच होती, मनाला लावून घेऊ नका. ती मान हलवून ऐकत राहिली. कुणी काही सांगितलं तरी ते झाकण तिला खिडकीत दिसतच होतं.

काकासाहेब आठव्या दिवशी शुद्धीवर आले, पण आता यकृत बदलण्यावाचून मार्ग उरला नव्हता. मुलगी सायली जालन्याला सासरी, सातव्या महिन्यात होती. ती फोनवर रडली. रत्नमालाने तिला गप्प केलं आणि स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. तिच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढतील आणि तो तिच्या पोटात दोन-तीन महिन्यांत पुन्हा भरून येईल, असं सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, की त्यांच्या पोटातही तो वाढेल का. वाढेल, असं डॉक्टर म्हणाले.

परवानगी देणाऱ्या समितीपुढे तिला एकटीला बसवलं. समोर तीन माणसं आणि एक कॅमेरा होता. कुणी दबाव आणला का, जिवाला धोका असतो हे सांगितलं का, नको वाटलं तर शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येतं हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढून विचारलं,

"मग का देताय?"

नवरा आहे म्हणून, असं म्हणायचं तिने घरून ठरवून आणलं होतं.

"त्यांचं बोलणं अर्धं राहिलंय," ती म्हणाली.

बाईंनी कागदावर 'स्वेच्छेने' असं लिहिलं.

ऑपरेशनला सगळा दिवस गेला. रत्नमालाला जाग आली तेव्हा पोटावरून कुणीतरी नांगर फिरवल्यासारखं वाटत होतं आणि छत खूप उंच, ढगांसारखं दिसत होतं. तिचा भाऊ सांडू फर्दापूरचं हॉटेल बंद ठेवून आला होता. त्याने खुणेनेच सांगितलं, की तिकडे सगळं ठीक आहे. पाचव्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून काचेपलीकडे, काकासाहेबांच्या पलंगापाशी नेलं. काकासाहेबांच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"तू कशाला उठलीस?" ते म्हणाले. आवाज जुना, कामापुरता होता.

घरी परतल्यावर काकासाहेब भराभर सुधारले. सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या गोळ्या ते गजर लावून स्वतः घेत. तोंडाला मास्क लावून जिना उतरत, गच्चीवर फेऱ्या मारत. पोटावर टाके पडलेले दोघं एका घरात सावकाश, एकमेकांना धक्का न लावता वावरत होते. सायलीला मुलगी झाली, ती व्हिडिओवर बघून दोघांनी डोळे पुसले. चार वाजता ऊन नेमाने आत येई आणि काकासाहेब पडदा ओढून झोपत. रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पडद्याकडे बघत असे. माणूस वाचला, आणखी काय पाहिजे, असं ती स्वतःला म्हणे. ते खरंच होतं. पण ज्याच्यासाठी तिने पोट फाडून घेतलं, तो बांधावरचा माणूस या घरात परत आला नव्हता, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तपासणीसाठी दोघं रिक्षाने दवाखान्यात गेले. रक्त देऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले असताना एक तरुण नर्स चालता चालता थांबली. तिच्या छातीवर 'सुकेशनी' अशी पट्टी होती.

"काका, वळखलं का? तुम्ही बेशुद्धीतून उठला, तवा रातपाळीला मी होते वॉर्डात. मला रोज गट नंबर विचारायचे. आन् तुमच्या घरच्या बाईचं सांगायचे. सगळ्या नर्सा ऐकायला यायच्या."

ती हसून पुढे गेली. मास्कमुळे काकासाहेबांचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मी काय बोलायचो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शेताचं, मोजणीचं."

"ती म्हणाली, बाईचं."

"हां. होती एक बाई," रत्नमाला म्हणाली. "तुम्ही नाव नाही सांगितलं तिचं."

काकासाहेबांनी दोन्ही तळहात मांडीवर उलटे-पालटे करून पाहिले. व्हरांड्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, ते थांबलं.

"मग तिला..." ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मग तिला कळलं का ते?"

"अर्धं कळलं."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. रत्नमाला फाइल उचलून उठू लागली. काकासाहेबांनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं आणि दुसरा हात वर करून, जरा थांबा, अशी दाराकडे खूण केली.