अखाजीचा मुराळी

वर्गशिक्षिका कुसुमलताबाईंनी भागीच्या खांद्यामागच्या चटक्यांवर खोबरेल लावलं, तशी ती अंग चोरून म्हणाली,

"बाई, ते खोटं व्हतं. काकानी काही करं नही. भाकर करता भाजनं."

परवा हीच पोर, चुलता तापल्या उलथण्याने चटके देतो, असं सांगून हमसून हमसून रडली होती. तक्रार आली की पालकाला बोलवायचं, हा हेडमास्तर रतिलाल गुरुजींचा शिरस्ता. भागीचा बाप वारलेला, पालक म्हणून चुलता सुपडूच. त्यालाच बोलावून गुरुजींनी चहा पाजला होता! पोर दुसरं काय म्हणणार होती?

"मिटलं एकदाचं," गुरुजी म्हणाले. "पोरं काय, बोलतात काहीही."

बाईंचा तिळपापड झाला.

"भाकरी करताना खांद्यामागे भाजतं का हो, गुरुजी?"



पोलिसांत जावं, तर फौजदारालाही भागीने हेच सांगितलं असतं. संध्याकाळी तिला त्याच घरी जायचं होतं. बाईंनी तिला जवळ घेतलं.

"परवाचं ऐकलं, आजचंही ऐकलं. मला तुझा राग नाही आला."

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्या सणाला माहेरी निघालेल्या बाईला अडवायची खानदेशात कुणाची छाती नाही. अडवणाऱ्याच्या तोंडात भाऊबंदच शेण घालतात. पण भागीच्या आईला, झुंबरबाईला, नवरा गेल्यापासून माहेरचं कुणी न्यायला आलं नव्हतं. बाईंनी तिच्या भावाला निरोप द्यायचं ठरवलं: मुराळी होऊन ये, बहिणीला ने, भाचीलाही ने. निरोप घेऊन गुरुजी स्वतः सायकलवर गेले. तो चहा त्यांनाही झोंबला असावा.

सणाच्या आदल्या दिवशी झुंबरबाईच्या भावाची, लोटनची, बैलगाडी भागीला घ्यायला शाळेपुढे थांबली. गाडीत झुंबरबाई होती, एक गाठोडं होतं आणि चक्क दगडी पाटा-वरवंटा.

"अक्का, चार दिनसाठे पाटा कोन लई जास?" लोटन हसत होता.

"दीरले मी सांगं, पाटा घासायना, टाकी लावी आनस."

एवढं बोलून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, पोरना दाखला देवा. ती तठेच शिकी."

लोटनचं हसू थांबलं. कुसुमलताबाईंना इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले. लगबगीने गुरुजी कपाटाची किल्ली शोधायला लागले.

लोटनने पाटा बाजूला सरकवून भाचीला बसायला जागा केली.