सालीसकट

माझ्या नवऱ्याला, साईशला, बोटीवरच्या नोकरीत परत जायचं नव्हतं, म्हणून आमच्या पडवीत निळं पिंप आलं.

धारगळच्या एका वायनरीच्या मालकाने त्याला शब्द दिला होता, काही वेगळं करून दाखव, पसंत पडलं तर इथेच कामाला घेतो. बोटीवरच्या बारमध्ये साईशने सालीसकट मुरवलेली पांढऱ्या द्राक्षांची वाईन चाखली होती. तांबूस, जिभेला किंचित तुरट. त्याने खायच्या द्राक्षांतली सोनाका आणली, बोटासारखी लांब. हिची वाईन कोणी करत नाही म्हणे.

"सगळी गंमत सालीत असते," तो म्हणायचा. रस फसफसला की साली वर येत, आणि तो दांड्याने त्या पुन्हा रसात बुडवी. दिवसभर तेच. दोन वर्षांच्या दीपाला कडेवर घेऊन मी बघत राहायची. पिंपावर माशी बसली तरी मी धावत जाऊन हाकलायची. हे फसलं तर बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटचा फोन ठरलेलाच होता.

मग एका दुपारी दीपाला ताप चढला आणि फिट आली. आम्ही तसेच गाडी काढून म्हापशाच्या इस्पितळात धावलो. जाता जाता साईश एवढंच ओरडला, "बाबा, पिंपाकडे बघ!"

बाबा म्हणजे माझे सासरे, गोकुळदास. केरीत त्यांची काजूची भाटी, फेणी गाळायची. उभा जन्म बोंडं मळून रस काढण्यात गेला, आणि त्या रसात चोथ्याचा कण राहिला तर गडी माणसाची खैर नसते.

दीपाला घेऊन परतलो तेव्हा पिंपावर धुतलेलं पांढरं फडकं बांधलं होतं.

"बघ रे," सासरे खुशीत म्हणाले. "घाण कितकी वर इल्ली! सगळी काढून टाकलंय. आता रस कसो आरशासारखो."

"साली खंय, बाबा?" साईशने विचारलं.

"म्हशीक घातलंय. अशी झिंगली! शेजारची सुमंगला म्हणता, आता हिचांच दूध बाटलीत भरा."

मी साईशच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसला. "बरां केलंस," म्हणाला.

द्राक्षांचा हंगाम सरला होता. उरला रस त्याने तसाच मुरवला. मालक आला, पेला उजेडात धरला. विहिरीच्या पाण्यात जेवढा पिवळेपणा असेल तेवढाच रंग.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण अशी आमच्याकडे आहेच की." दीपाच्या गालाला हात लावून तो गेला.

"तो चांगली म्हणालो मां? मगे तोंडां कित्याक पाडल्यात?" सासऱ्यांना कळेचना.

स्वयंपाकघरात मी साईशला विचारलं, "त्यांना सांगायचं?"

"कशाला? साली थोड्याच परत येणार आहेत?"

सध्या तो मला गाडी शिकवतोय. म्हापसा लांब, आणि दीपाला पुन्हा फिट येऊ शकते, असं डॉक्टर म्हणालेत. मागच्या सीटवर सासरे नातीला मांडीवर घेऊन बसतात. एजंटचा फोन येऊन गेल्याचं अजून त्यांना कोणी बोललेलं नाही.

"तुका कित्याक गो गाडी? घोव आसा मां तुझो चलवूक!"

"क्लच सोड," साईश म्हणतो. "हळू."

गाडी आचका देऊन बंद पडते. सासरे पोट धरून हसतात, त्यांचं बघून दीपाही हसते.

"परत," साईश म्हणतो.