साळिंदराचा एकच हल्ला

हसू नका हो, मी साळिंदराचा पत्ता बोलतोय! इस्पिक-बदामातला नव्हे, जादूगार आपापले प्राणी लढवतात ना, त्या खेळातला.

माझ्या अंगावर दोन आकडे. हल्ला एक, बचाव चार. म्हणजे मारायला मुंगी आणि मार खायला हत्ती! पाकीट फोडल्यावर माझं तोंड बघून रत्नमाला "हॅट्!" म्हणाली होती. तिला ड्रॅगन हवा होता. तोही पुढं मिळाला म्हणा.

ती हर्सूलची, कॉलेजात शिकणारी. शेजारी करीमचाचा, शिंपी. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शिलाई मशीनवर चादर पडली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. दाबायला दिलेला चेंडू चाचांनी रागानं भिरकावला. म्हणून रत्नमाला आम्हा पत्त्यांना घेऊन रोज त्यांच्याकडं खेळायला जाऊ लागली. मी चाचांच्या वाट्याला आलो.

आमचा कायदा साधा. मांडल्या मांडल्या हल्ला नाही, एक पाळी दम धरायचा. हल्ला करताना पत्ता आडवा फिरवायचा. आडवा पडलेला कुणाला अडवू शकत नाही. मालकाची पाळी आली की पुन्हा उभा. हल्ला कुणी अडवला नाही, तर जेवढा त्याचा आकडा तेवढे समोरच्या खेळाडूचे जीव जातात, आणि जीव संपले की डाव गेला. वर रत्नमालाची अट, "चाचा, फिरवायचं ते उजव्या हातानंच."

झालं! चाचांनी हल्लाच सोडला. मला पुढं करून नुसते अडवायचे आणि रोज हरायचे.

"चाचा, नुसतं अडवून कुणी जिंकत नाय."

"बेचारा मरेल की गं," ते माझ्याकडं बघत म्हणायचे. साफ खोटं! भीती हाताची होती.

एका दुपारी रत्नमालाचा ड्रॅगन हल्ला करून आडवा पडला. तिच्याकडं अडवायला दुसरं कुणी नाही, जीव उरलेला फक्त एक. मी आधीपासून मांडलेला. मला फिरवलं की डाव चाचांचा!

चाचांची बायको रईसाचाची लाटणं घेऊनच दारात आल्या. "अब फिराओ जी!"

उजवा हात पुढं आला. बोट घसरलं. रत्नमाला मदतीला वाकली, तसे चाचा ओरडले, "हात लावू नको!" त्यांचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर असा रुतला की मी मुडपलो. दुखलं हो. पण फिरलो! रत्नमाला हरली आणि नाचली. चाचांना रडू आवरेना.

आता माझा कोपरा कायमचा मुडपलाय. पत्ते विकणारे म्हणतात, याला कुत्रं विचारणार नाही. न विचारू दे! परवा चाचांनी मशीनवरची चादर काढली आणि माझ्यासाठी मखमली थैली शिवली. शिवण अशी वाकडी की बघवत नाही. चाची म्हणतात, उसवून नीट शिवा.

चाची, पाया पडतो तुमच्या. तेवढी शिवण उसवू नका.