आरोंद्याचं सरळ उत्तर

आरोंद्यात कुणी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, तर लोक त्याला ताप आलाय का ते बघतात. सकाळी माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक आलं की मी विचारतो, "चाय देव?" तो म्हणतो, "नाय, तुझा थोबाड बघूक इलंय." मी चहा देतो. प्रश्न पोचला, उत्तर पोचलं, वर दोघांची करमणूक झाली. पन्नास वर्षं मी असाच जगलो आणि माझं काही बिघडलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात सगळ्यात जास्त शोभा माझीच झाली आहे.

माझी मुलगी अनुजा, एकुलती एक. दहावीच्या वर्षी तिनं मोबाईलवर बघून घाटावरच्या एका मुलींच्या सैनिकी अकादमीचा फॉर्म भरला. दोन वर्षं तिथंच राहायचं, अकरावी-बारावी करायची, आणि पुढे लष्करात अधिकारी व्हायची तयारी. जागा तीस. फॉर्म भरला तेव्हा मी म्हटलं, भरू दे, पोरं फॉर्म भरतातच. लेखी परीक्षेत ती पास झाली तेव्हा मात्र मी तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला. आता राहिली होती शारीरिक चाचणी आणि मुलाखत.

तिची तयारी करून घ्यायला बांद्याहून सुभेदार परशुराम गावडे यायला लागले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, मिशा पांढऱ्या, मोटरसायकल काळी. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त माझ्याकडची कांदाभजी खायचे, आणि ती मात्र फौजेच्या मापानं खायचे.

धावण्याची चाचणी सोळाशे मीटरची, आठ मिनिटांच्या आत. सुभेदार यायच्या आधी अनुजा खाडीच्या बांधावरून धावायची. हौसाबाईच्या अंगणाच्या फाटकापासून धक्क्यापर्यंत बरोबर एक मैल, असं आमच्या गावात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं माप. ते अंतर तिनं साडेपाच मिनिटांत काढलं. गावात आनंदीआनंद. मी दोन घाणे भजी फुकट वाटली. सुभेदार आले, त्यांनी मोटरसायकलवरून तेच अंतर मोजलं आणि ते अकराशे मीटर भरलं. माझी भजी फुकट गेली, आणि गावातली दोन म्हातारी माणसं मोटरसायकलचा काटा खोटा आहे असं अजूनही सांगतात. खऱ्या सोळाशे मीटरना अनुजाला आठ मिनिटं दहा सेकंद लागले. पण पोरगी चिवट. दोन महिन्यांत तिनं सव्वासात मिनिटांवर आणलं. सिद्धेश होडीवाल्यानं आपला जुना दोर आमच्या आंब्याला बांधून दिला, त्यावर ती माकडाला लाजवील अशी चढायला लागली. तेव्हा शरीराची काळजी कुणाला नव्हती.

घोडं अडलं ते मुलाखतीत. एका दुपारी सुभेदारांनी हॉटेलातच खोटी मुलाखत घ्यायचं ठरवलं. एका बाकावर ते, समोर अनुजा, आणि उरलेल्या बाकांवर फुकटचा तमाशा बघायला आलेलं अर्धं गाव.

"तुझं नाव काय?" सुभेदारांनी विचारलं.

"फॉर्मार लिवलेला आसा ना?"

"पोहता येतं का?"

"खाडीच्या काठार ऱ्हवतंय, काय वाटता तुमका?"

"लष्करात का जायचं आहे?"

"मगे काय, हयसर बसान भजी तळू?"

हॉटेल हसून लोळलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण पोरगी कुणाची ते प्रत्येक उत्तरातून कळत होतं. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बाळा, ह्या चेडू धावण्यात पयला येतला आणि मुलाखतीतसून पाच मिन्टात भायर पडतला."

मग त्यांनी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. मुलगा सगळ्यात हुशार, तब्येतीनं खणखणीत. साहेबांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? हा म्हणाला, घरात घरचीच माणसं असणार ना? तो आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांशीही तसाच बोलतो. हे ऐकून अनुजाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली की मी मुद्दाम नाही करत, तोंडातून आपोआपच तसं येतं. ते खरंच होतं. जन्मल्यापासून तिनं दुसरं ऐकलंच काय होतं?

तेव्हा सुभेदारांनी हुकूम काढला. चाचणीला जाईपर्यंत अख्ख्या गावानं अनुजाशी सरळ बोलायचं आणि तिनं सगळ्यांशी. जो वाकडं बोलेल त्यानं जागच्या जागी दहा उठाबशा काढायच्या, मग तो सरपंच असो की भटजी. माझ्या भावफलकावर मिसळीच्या खाली मी हे खडूनं लिहिलं.

पहिला आठवडा हॉटेलात चहापेक्षा उठाबशाच जास्त झाल्या. सिद्धेशनं एका सकाळी तीस काढल्या आणि दुपारी होडीत बसता येईना म्हणून उभ्यानं वल्हवली. पण खरा प्रसंग आला हौसाबाईवर. हौसाबाई मासे विकते आणि तिच्या जिभेला गोव्यापर्यंत माणसं वचकून असतात. अनुजानं तिला विचारलं, "हौसाबाय, ह्यो बांगडो ताजो आसा?" एरवी उत्तर आलं असतं की नाही गो, गेल्या वर्षाचा, तुझ्यासाठीच जपून ठेवलाय. म्हातारीनं तोंड उघडलं, फलकाकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कालचो आसा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे घडलं. ऐकायला चार बायका होत्या. त्या दिवशी तिचा एकही बांगडा खपला नाही आणि पुढचे तीन दिवस ती आमच्या वाडीत फिरकली नाही.

हा रोग घराघरांत पसरला. माझी बायको सुगंधा हिनं मला विचारलं, सोलकढी कशी झालीय? मी उठाबशांच्या धाकानं एकदाच सरळ सांगितलं की मीठ जास्त झालंय. पुढचे दोन दिवस कढी मीच केली. अनुजा मात्र सुधारत गेली. नाव विचारलं की नाव सांगायची. येत नसेल तर येत नाही म्हणायची. लष्करात का जायचंय, याचं उत्तर तिनं एकदा असं दिलं की हॉटेलात कुणी हसलं नाही. म्हणाली, "मला अवघड काम करून बघायचंय, आणि इथे सगळे मला सोपं तेच देतात." मी भज्यांचा झारा घेऊन तसाच उभा राहिलो. कारण सोपं देणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता.

आणि उठाबशांतही पहिला नंबर माझाच होता. दोन महिन्यांत मी तीनशे ओलांडल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तसली गत. गाव सुधारलं, पोरगी सुधारली, मी काही सुधारेना.

निघायला चार दिवस उरले असताना अनुजा पेले धूत होती. धुता धुता थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी गेल्यार तुमका कसा वाटतला?"

मी म्हटलं, "कसा वाटतला म्हणजे? पंख्याची हवा माका एकट्याक गावतली."

ती हसली नाही. "धा," म्हणाली. मी दहा उठाबशा काढल्या. काढून उभा राहिलो तर ती अजून माझ्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत. मी वळलो आणि कढईखालचा गॅस मोठा केला. थोडा वेळ थांबून ती पेले घेऊन आत गेली.

मला काय वाटत होतं ते मला चांगलं माहीत होतं. सकाळचा पहिला चहा तीच चाखते, आणि साखर बरोबर आहे असं ती म्हणेपर्यंत मी हॉटेलाचं दार उघडत नाही. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि हे बोललो तर ती खरंच थांबेल अशी भीतीही वाटत होती. ती थांबली असती तर मला आयुष्यभर स्वतःचं तोंड बघवलं नसतं. म्हणून मी थट्टा केली. थट्टेनं कुणी थांबत नाही आणि कुणी जातही नाही, एवढीच थट्टेची सोय.

निघताना सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. मुलाखतीच्या शेवटी आईबापांनाही आत बोलावतात, तेव्हा तू फक्त हो म्हण, दुसरं काही बोलू नकोस, असं त्यांनी मला तीनदा बजावलं. मी तीनदा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकादमीच्या मैदानावर चाचणी झाली. तांबडी कठीण माती, हवा कोरडी, आणि बाकीच्या मुलींच्या पायात असे बूट की बघूनच धाप लागावी. अनुजाच्या छातीवर एकतीस नंबर. पहिल्या फेरीत ती मागे पडली आणि सुगंधानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. तिसऱ्या फेरीपासून ती एकेकीला मागे टाकत गेली. सात मिनिटं पाच सेकंद. दोरावर तर ती चढून उतरली तेव्हा शेजारची मुलगी अजून हाताला माती चोळत होती.

दुपारी मुलाखत. ती आत गेल्यावर वीस मिनिटांनी शिपायानं आम्हाला बोलावलं. टेबलापलीकडे तिघं, मधोमध एक कर्नल मॅडम, केस बारीक कापलेले, डोळे शांत. अनुजा खुर्चीत ताठ बसली होती. मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "मुलगी दोन वर्षं इथे राहील. पुढे कदाचित कायमच घराबाहेर. तुमची संमती आहे का?"

फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. आणि माझ्या तोंडातून निघालं, "संमती नसती तर दहा तास एसटीत कंबर मोडून इथं कशाला आलो असतो?"

सुगंधाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. अनुजानं डोळे मिटून घेतले. दोन महिने अख्ख्या गावानं जे शिकवलं ते मी तिच्या पुढ्यात एका वाक्यात पाण्यात घातलं होतं.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रवास कसा झाला ते मी विचारलं नाही. संमती आहे की नाही?"

आता सुटका नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगू? ती जाऊ नये असं मला वाटतं. आम्हाला एकच मुलगी. ती गेली की घर मला खायला उठेल, हे मला आत्ताच कळतंय. चार दिवसांपूर्वी तिनं विचारलं होतं, तेव्हा मी मस्करी केली. पण तिला जायचंय. आणि ती माझ्या हॉटेलात मावणारी नाही, हे मी दोन महिने रोज बघितलंय. म्हणून हो. माझी संमती आहे. पण मला वाईट वाटणार, ते तेवढं लिहून घ्या."

एवढं सरळ मी जन्मात बोललो नव्हतो. मॅडमनी काही लिहून घेतलं नाही. त्या अनुजाकडे वळल्या आणि हे तुला माहीत होतं का, असं विचारलं.

"नाही, मॅडम."

"आता ऐकलंस. काय वाटतं?"

अनुजानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी असले काय आणि गेले काय, बाबांना सारखंच, असं मला वाटत होतं. त्याचा मला राग होता. तो आत्ता गेला. आता फक्त भीती वाटतेय, घर सोडायची. पण मला इथे यायचंय."

एक शब्द वाकडा नाही. मी उगाच भिंतीवरचा नकाशा बघत बसलो.

संध्याकाळी सगळ्या मुलींना मैदानात रांगेत उभं केलं आणि एक हवालदार नंबर वाचायला लागला. नऊ. बारा. सतरा. बावीस. मी सुगंधाला म्हटलं की माझ्यामुळे गेलं असेल तर मी आरोंद्याला परत जाणार नाही, इथेच कुठेतरी भजी तळीन. ती म्हणाली, गप्प राहा. सव्वीस. एकोणतीस. मग तो पान उलटायला थांबला, आणि तेवढ्या वेळात मी गावातल्या सगळ्या देवांना नारळ बोललो. एकतीस.

अनुजा रांगेतून पुढे आली, बाकीच्यांबरोबर उभी राहिली. रांग सुटल्यावर आमच्याकडे चालत आली. धावली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमका आनंद झालो?"

जिभेवर चार उत्तरं आली, एकाहून एक झकास. मी ती गिळली.

"झालो," मी म्हटलं. "आणि रडाक पण येता."

"माका पण."

"मगे रडा दोगांय," सुगंधा म्हणाली, "कोणी धरून ठेवलाहा काय तुमका?" असं म्हणाली खरी, पण सगळ्यात आधी तीच रडायला लागली.