पन्नास अंशांचा भोंगा

२००३च्या एप्रिलात अंबडच्या एका कारखान्यात रोज दुपारी अडीचला मोहिनीचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागला. मोहिनी तिथे सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. तिची खोली पत्र्याखाली. एसी फक्त मालकांच्या, गोरक्षशेठच्या केबिनला. तिने तीनदा कूलर मागितला होता आणि तिन्ही वेळा शेठ ‘बघू’ म्हणाले होते. आता तर लवकर घरी जायला ती स्वतःच बटण दाबत असेल, असं ते फोरमनजवळ बोलून गेले. ते मोहिनीच्या कानावर आलं आणि डोक्यात गेलं.

दुरुस्तीवाला किशोर आला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा अख्खा बोळा. त्याने तो काढला आणि प्रोसेसरचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा एक प्रोग्रॅम टाकून दिला. आकडा पंचाहत्तरच्या वर गेला की भोंगा वाजेल, मग काम थांबवायचं, असं सांगून तो गेला. त्यानंतर आकडा साठच्या पुढे सरकेना. मशीन बरं झालं, मोहिनी मात्र तशीच घामाघूम.

दुसऱ्या दिवशी तिने भोंग्याचा आकडा गुपचूप पन्नासवर आणला. साडेदहालाच कॉम्प्युटर बोंबलायला लागला. शेठ धावत आले. मोहिनीने गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बोट दाखवलं. मोठ्या ऑर्डरचं काम अर्धवट होतं, त्यामुळे शेठनी दोन माणसं लावून कॉम्प्युटर आपल्या केबिनमध्ये हलवला.

एसीत आकडा सत्तेचाळीसवर आला. मोहिनी भर उन्हाळ्यात ओढणी लपेटून बसू लागली. हाल झाले ते शेठचे. जेवणानंतर सोफ्यावर आडवं व्हायची सोय राहिली नाही. डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबी खणातच राहिली, कारण मोहिनीची आई आणि शेठाणी एकाच भजनी मंडळात होत्या.

सहाव्या दिवशी मोहिनी डबा खाऊन परतली, तर शेठ चष्मा लावून तिच्याच खुर्चीत बसलेले. पडद्यावर प्रोग्रॅमच्या सेटिंगची खिडकी उघडी.

“हे पन्नास कुणी केलं?”

“मी.”

“का?”

“मी तीनदा सांगितलं, शेठ, तेव्हा तुम्ही जागचे हलला नाहीत. मशीन ओरडलं तर पळत आलात.”

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि हसू काही आवरेना. ते ओसरल्यावर, बटणाबद्दल आपण बोललो ते चुकलंच, असं त्यांनी खिडकीबाहेर बघत कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली कूलर लागला. मोहिनीने आकडा पुन्हा पंचाहत्तरवर नेला आणि आपलं बिऱ्हाड परत हलवलं. दुपारी शेठना भेटायला कुणी पार्टी आली, तेव्हा केबिनच्या बंद दारातून घोरणं ऐकू येत होतं. शेठ महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहेत, असं सांगून मोहिनीने पार्टीसाठी चहा मागवला.